एकमुखी ठराव

२२ फेब्रुवारी

आज पावसला जाऊन विधेयकाची छापील प्रत काढून आणली. तीनशेच्या वर पानं. झेरॉक्सवाल्याचं मशीन दोनदा तापलं. "सर, रिटायर झाल्यावर पुस्तक काढताय काय?" म्हणाला. मी म्हटलं, माझं नाही रे बाबा, सरकारचं आहे.

'व्यवसाय सुलभीकरण व संकीर्ण तरतुदी विधेयक' असं नाव. एका विधेयकात अडतीस कायदे बदलायचे आहेत. वजनमापं, बॉयलर, टपाल, औषधं, शेतमाल, बंदरं, सगळं एकाच पिशवीत. बाजारातून येताना मासळी, साबण आणि गूळ एकत्र बांधून आणले तर दर्शना मला घरात घेणार नाही. लोकसभेला मात्र चालतं.

जेवण झाल्यावर पडवीत बसून वाचायला घेतलं आणि चारच्या सुमारास ते कलम सापडलं. लहान लांबीच्या धक्क्यांना यापुढे जनसुनावणीची अट राहणार नाही. आधी जाहीर झालेल्या सुनावण्याही घेण्याचं कारण नाही. म्हणजे आमची गेली.

आमच्या खाडीत खनिज भरायच्या बार्जसाठी एक कंपनी धक्का बांधणार आहे. त्याची सुनावणी सोळा एप्रिलला गावातल्या शाळेत ठरली आहे. धक्का नेमका कालवांच्या खडकांवर येतो. खालच्या वाडीतल्या बायका ओहोटीला तिथे खडकाला चिकटलेली कालवं काढतात, मुळ्यांचे शिंपले वेचतात. यमुनाबाईचं तर सगळं घरच त्यावर चालतं. नवरा नाही, मुलगा मुंबईत स्वतःपुरतं कमावतो. सुनावणीत बोलायचं असं तिने ठरवलंय, आणि मी तिला बोलायला शिकवणार आहे.

बत्तीस वर्षं रत्नागिरीच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं. पहिलं वाचन, दुसरं वाचन, समिती, कलमवार चर्चा, तिसरं वाचन. पोरं मागच्या बाकावर झोपायची. मी चिडायचो. पण मला खरंच वाटायचं, अजूनही वाटतं, की कायदा नीट चर्चेला आला तर वाईट कलम टिकत नाही. हे कलम कुणाच्या तरी नजरेस आणून दिलं पाहिजे, एवढंच.

२५ फेब्रुवारी

यमुनाबाई सकाळी आली. येताना पानात बांधून कालवं आणली. नको म्हटलं तर रागावते.

पडवीत उभं राहून बोल म्हटलं तर लुगड्याचा पदर तोंडावर. "मना भाषण येत नाय वो सर." मी म्हटलं, भाषण नाही, तुझं म्हणणं सांग. मग सुरू झाली ती थांबेना. सासूने पहिल्यांदा खडकावर कसं नेलं, कुठे पाय ठेवायचा, कुठे नाही, कुठल्या महिन्यात कालवं कडू लागतात, मुलाच्या तापात सबंध पावसाळा कसा काढला, शेजारणीने खडक कसा चोरला. मी हाताने थांबवलं. एवढं ऐकायला अधिकाऱ्याला वेळ नसतो. नाव सांग, काम सांग, नुकसान सांग, मागणी सांग. चार वाक्यं.

"आनि सासूचं?"

"सासू गाळ."

ती नाराज झाली, पण चार वाक्यं म्हणून दाखवली. चुकली की पहिल्यापासून. दर्शना आतून म्हणाली, "सासूचंच बरं होतं." ही माझी बायको कुठल्याही विषयात आतून बोलते.

१ मार्च

वरच्या वाडीतला चुलतभाऊ आप्पा आला होता. आप्पा गावकार. देवळातलं पहिलं निशाण धरायचा मान त्याचा आणि सड्याच्या माळावर आंब्याची चारशे कलमंही त्याचीच. विधेयकाला गावाने विरोध करायचा असं मी म्हटल्याबरोबर त्याने चहाचा कप खाली ठेवला.

"विरोध? अरे, तुला येड लागलं काय? त्यात आमचं आंब्याचं आहे."

आणि आहेच. शेतमालाच्या प्रकरणात. बाहेरचा आंबा रत्नागिरी हापूस म्हणून विकला तर आता तुरुंग. हे बागायतदार किती वर्षं मागत होते. परराज्यातला आंबा आमच्या नावाच्या पेटीत भरतात आणि आमचा माल बाजारात पडून राहतो, हे खोटं नाही. ते कलम चांगलं आहे. मी स्वतः मत दिलं असतं.

"मग? तुझ्या चार कालवांसाठी आमचं बुडवतोस?"

मी म्हटलं, दोन वेगळ्या गोष्टी आहेत आप्पा. तो म्हणाला, "मग एका विधेयकात कशा?" मी गेले आठ दिवस हेच तर विचारतोय.

५ मार्च

शिमगा. चाकरमानी आलेत, प्रत्येक अंगणात गाडी उभी आहे. उद्या पालखी देवळापुढच्या सहाणेच्या चौथऱ्यावर बसली की गावकीची सभा बसेल. गावाच्या नावाने खासदारांना ठराव पाठवायचा तर उद्याच. परवा निम्मा गाव मुंबईला परतेल.

वरची वाडी आणि खालची वाडी यांच्यात दिवसभर कुजबुज. खालची वाडी म्हणते, विधेयक नको. वरची म्हणते, पाहिजे. आमच्या गावकीत हात मोजत नाहीत. पूर्वापार रीत आहे, ठराव एकमुखी झाला तर गावाचा, नाहीतर झालाच नाही. दोन तोंडांनी बोललेलं देवाला चालत नाही म्हणतात.

संध्याकाळी मला मार्ग सुचला. दोन्ही वाड्यांचं एकाच ठरावात बसवायचं. आधी आंब्याच्या कलमाबद्दल गाव विधेयकाचं स्वागत करतं, मग सुनावणीचं कलम गाळावं किंवा निदान विधेयक समितीकडे पाठवावं अशी विनंती. स्वागत वर घेतलं, नाहीतर आप्पा ऐकला नसता. मसुदा आप्पाला दाखवला, खूश झाला. खालच्या वाडीत वाचून दाखवला, त्यांनाही पटला. लिहिलाय चांगला, असं मलाच वाटलं. गावात इतक्या वर्षांत असं काही नीट शब्दांत कुणी मांडलं नसेल.

दर्शनाला वाचून दाखवला. म्हणाली, "दोन कागद केले तर नाही चालणार?"

तिला गावकी कळत नाही. तिचं माहेर सावर्ड्याचं, बाजारपेठेतलं.

६ मार्च

झाला. एकमुखी झाला.

पालखी सहाणेवर होती. आप्पाने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरं वरसाचं येऊन हितं उभी ऱ्हायलीत, त्यांची राखण कर म्हाराजा." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" पोराबाळांचं, गुराढोरांचं, मुंबईतल्या नोकऱ्यांचं, आंब्याच्या मोहोराचं, प्रत्येकाला "व्हय म्हाराजा!" तसाच न थांबता आप्पाने माझा ठराव घेतला आणि त्याच सुरात वाचला. मधेमधे थांबला तिथे गावाने "व्हय म्हाराजा!" म्हटलं. शेवटचं "व्हय" तर असं दणकून आलं की शाळेतून पोरं धावत बघायला आली.

एवढी एकी मी या गावात पाहिली नव्हती. डोळे भरून आले, खोटं कशाला लिहू.

चाकरमान्यांपैकी एकजण नंतर विचारत होता, ठराव कशाचा होता. मी समजावून सांगितलं. "बरं बरं" म्हणून ढोल घ्यायला गेला.

यमुनाबाई देवळाच्या पायरीशी बायकांत उभी होती. तीही मोठ्याने म्हणत होती. मला बघून हसली.

१२ मार्च

रत्नागिरीला खासदारांच्या कार्यालयात. त्यांचा स्वीय सहायक निलेश माझा जुना विद्यार्थी. पाया पडला, आत नेलं. साहेबांनी ठराव उभ्याउभ्याच वाचला.

"सर, हे फार महत्त्वाचं आहे. सबंध गाव एका आवाजात बोलतंय. असं कुठे मिळतं आजकाल?"

मी म्हटलं, दुसरा परिच्छेद जास्त महत्त्वाचा आहे. ते म्हणाले, वाचला ना. मग बसले आणि जरा मोकळे बोलले. "मला ते कलम आवडलं असं समजू नका. पण सर, मतदानाला विधेयक अख्खंच येतं. मला अर्धं बटण नाही. उद्या विरोधात दाबलं तर आंबेवाले मला सड्यावर फिरू देतील?"

मी म्हटलं, म्हणून तर समिती हवी. समितीत एकेक कलम सुटं होतं. "मागणी करतो," म्हणाले. शब्द दिला. निलेशने ठराव एका वेगळ्या फाइलमध्ये लावला, वर पिवळी चिठ्ठी चिकटवली.

परत येताना बसमध्ये बरं वाटलं. कुणीतरी ऐकतं.

१९ मार्च

विधेयक समितीकडे जाणार नाही. बातमीत दोन ओळी आहेत. अधिवेशन संपायच्या आत मंजूर करायचं म्हणतात. निलेशला फोन केला, उचलला नाही.

यमुनाबाईची चार वाक्यं आता न अडखळता येतात. आवाज मात्र खाली जातो. मी तिला विहिरीपाशी उभं केलं आणि स्वतः फणसाखाली जाऊन बसलो. इथवर ऐकू आलं पाहिजे, म्हटलं. ओरडली ती. शेजारच्यांची म्हैस बिथरली.

२५ मार्च

दुपारी जेवण टाकून टीव्हीपुढे बसलो. जेवण अजून झाकलेलं आहे.

आधी दुसऱ्याच कुठल्यातरी प्रकरणावरून गोंधळ. फलक घेऊन खासदार मधल्या मोकळ्या जागेत. त्या गोंगाटातच मंत्र्यांनी विधेयक मांडलं आणि त्यातच चर्चा सुरू झाली. अडतीस कायद्यांना मिळून दोन तास ठेवले होते, तेही पुरे वापरले नाहीत. एक सदस्य बॉयलरवर बोलला, एक औषधांवर. बंदरांवर कुणी नाही. कुणाला दोष देणार? तीनशे पानांत त्यांनी कुठलं म्हणून उघडायचं?

मग आमचे खासदार उठले. हातात माझा कागद! पिवळी चिठ्ठी दिसली मला. दर्शनाला ओरडून बोलावलं.

ते म्हणाले, "अध्यक्ष महोदय, माझ्या मतदारसंघातल्या एका लहानशा गावाने, सर्व वाड्यांनी, सर्व जातींनी, आपल्या ग्रामदेवतेसमोर उभं राहून या विधेयकाचं एकमुखाने स्वागत केलं आहे." पुढे आंब्याचं सगळं, अगदी माझ्या शब्दांत. बाकं वाजली. दुसऱ्या परिच्छेदाशी आले असतील नसतील, घंटा वाजली. ते "धन्यवाद" म्हणून बसले.

एक मिनिट मिळालं असतं तर! एक मिनिट! पीठासनावरच्या माणसाला एवढी घाई कसली?

नंतर कलमं. मी आयुष्यभर फळ्यावर लिहीत आलो, कलमवार विचार. आज प्रत्यक्षात काय झालं? 'कलम दोन ते दोनशे चौदा विधेयकाचा भाग व्हावीत, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं.' गोंगाटातून एकच मोठा होय. 'होय म्हणणारे जास्त.' संपलं. आमचं कलम त्यात कुठेतरी होतं, त्याचा आकडासुद्धा कुणी उच्चारला नाही. ह्याला चर्चा म्हणायचं? माणसं कशाला होय म्हणताहेत हे त्यांना तरी ठाऊक होतं का? मला लाज वाटली.

आप्पाचा फोन. वरच्या वाडीत फटाके लावले. "तुझा ठराव लोकसभेत वाजला रे! गावाचं नाव झालं!"

दर्शनाने ताटावरचं झाकण काढून भात चाचपला, गार झालाय म्हणाली, आणि आत नेऊन ठेवला.

२६ मार्च

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. त्यांनी दुसरा परिच्छेद वाचायला हवा होता. मी स्पष्ट सांगितलं होतं. चूक त्यांची आहे.

३१ मार्च

राज्यसभेतही झालं. तिथे तर आंबासुद्धा निघाला नाही. आता सही आणि राजपत्र.

आज प्रथमच मनात आलं की मी बत्तीस वर्षं पोरांना जे शिकवलं ते नव्हतंच कुठे. परीक्षेला मात्र दहा गुणांना विचारायचो.

७ एप्रिल

प्रांत कार्यालयात जाऊन आलो. तिथला कारकून सज्जन माणूस, खुर्ची दिली, पंखा लावला. सुनावणी रद्द. सूचना शाळेच्या फलकावर लावतील म्हणाला. मी विचारलं, लोकांचं म्हणणं मग कुठे सांगायचं? त्याने जरा विचार केला. "आता तशी तरतूद राहिली नाही ना सर." वाईट वाटलं त्यालाही.

तिथून स्टँडवर आलो, पावसची गाडी समोर लागलेली असताना चढलो नाही. तशा दोन गाड्या सोडल्या. यमुनाबाईला काय सांगायचं ते जुळेना.

१० एप्रिल

सांगितलं नाही अजून. फलकावर कागद लागलाय, पण खालच्या वाडीतून शाळेकडे सुट्टीत कोण जातं? आणि तिला वाचता येत नाही.

आप्पाने आंब्याची पेटी पाठवली. सोबत निरोप. खासदारसाहेबांचा गावात सत्कार आहे, मानपत्र मी लिहायचं. नाही म्हणून कळवलं. तासाभराने आप्पा स्वतः आला. "तू नाही लिहिलंस तर वाडीतला तो पोर ऋत्विक लिहील, मोबाइलवरून उतरवून. देवळासमोर कसलं मराठी वाचायचं ते ठरव." लिहून दिलं. निदान भाषा तरी नीट असावी.

१६ एप्रिल

दहा वाजता बाहेर आलो तर यमुनाबाई शाळेच्या वाटेने चाललेली. धुवट लुगडं, केसात अबोलीचा वळेसर, पायात चपला. तिला चपलांत मी कधी बघितलेलं नाही. मागून खालच्या वाडीच्या आणखी तिघी.

मी सदरा न घालताच धावलो. फाटकाशी गाठलं. शाळा बंद, पटांगणात कुत्रं झोपलेलं. ती मला म्हणाली, "लवकर आलंव वाटतं आमी?"

सांगणार होतो. देवाशपथ सांगणार होतो. तिने माझ्याकडे बघून हळूच चारही वाक्यं म्हणायला सुरुवात केली, बरोबर आहेत ना बघा म्हणून. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "यमुनाबाई, आजची सुनावणी पुढे ढकलली आहे."

"कंदी परयंत?"

"कळवतील."

"मंग बरं. सासूचं पन घालते थोडं. आता येळ हाय तर." बाकीच्या तिघींना म्हणाली, चला गो, आज नाय. चपला काढून हातात घेतल्या आणि चिऱ्यांच्या वाटेने खाली उतरल्या चौघी.

दर्शनाला सांगितलं. तिने विचारलं, "कुणासाठी खोटं बोललात?" तिच्यासाठीच, म्हटलं. दुसऱ्या कुणासाठी?

उद्या जाऊन खरं सांगेन.

२३ एप्रिल

आठवडा गेला. उद्या उद्या करत राहिलो. आज ते आपोआप झालं.

सकाळी ओहोटीला मोजणीची माणसं आली. बांबू, लाल फडकी, दोऱ्या. एक तरुण अधिकारी, टोपी घातलेला, गुडघाभर चिखलात. मी दगडी बांधावर जाऊन उभा राहिलो. वरच्या वाडीचेही बरेच होते, आप्पा होता.

यमुनाबाई कालवं काढत होती, ती टोपली तशीच टाकून त्यांच्यापुढे गेली. दोन्ही हात आडवे केले. भ्यायली नव्हती अजिबात. उलट समजूत घातल्यासारखं बोलत होती.

"दादा, आत्ता नाय करायचं. आजून सुनावनी व्हायची हाय."

अधिकारी म्हणाला, "मावशी, सुनावणी नाही आता."

"हाय. फुडं ढकललीय. आमच्या सरांनी सांगितलानी. ते कालिजात शिकवायचे. त्यांना कायदा सगला म्हायती हाय." आणि तिने बांधाकडे बोट केलं. "ते बगा उबे हायत. इचारा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अधिकाऱ्याने टोपी मागे सारली आणि आदराने विचारलं, "सर, तुम्ही सांगितलंत?"

मी म्हटलं, "सुनावणी होणार नाही, यमुनाबाई. रद्द झाली. कायदा झाला."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी खाली बघितलं. मला वाटलं, शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या. मग ती अधिकाऱ्याकडे वळली आणि ताठ उभी राहिली, मी शिकवली होती तशी.

"माजं नाव यमुना," म्हणाली. आवाज बांधापर्यंत स्वच्छ येत होता. काम सांगितलं. नुकसान सांगितलं. मग सासूचंही सगळं सांगितलं, कुठे पाय ठेवायचा, कुठे नाही, मुलाच्या तापात पावसाळा कसा काढला. मी गाळलेलं एकूण एक. बांबू ठोकणाऱ्यांनी सुरुवातीला हात थांबवले, मग पाणी परत चढायच्या आत आटपायचं म्हणून पुन्हा ठोकायला लागले. ती त्या ठोक्यांवरून बोलत राहिली. आप्पा सिगारेट पेटवून वाटेला लागला. अधिकारी मात्र शेवटपर्यंत ऐकत उभा होता, मधेमधे मान हलवत होता.

तिचं बोलणं संपलं. तो म्हणाला, "झालं मावशी? मग जरा सरका. इथे खुंट मारायचाय."

ती सरकली.